तोड आधी, डाव नंतर: पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळात अनवट ओपनिंग

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर आमची चार-पाच जणांची बैठक असते. चहा होतो, मग एकेकाचा फोन बाहेर येतो आणि तक्रार ठरलेली असते: "ब्लिट्झमध्ये ही ओपनिंग दहा वेळा चालली, इथं तीन दिवसांच्या चालीत कशी काय पडली?" (ब्लिट्झ म्हणजे काही मिनिटांचा झटपट डाव; ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली.) आमच्यात एक जुने पैलवान बसतात. बुद्धिबळ त्यांना जुजबीच येतं, पण मला मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर त्यांचंच आहे: "लेका, समोरच्याला इचार कराय येळ दिलास की तुझा डाव त्येचा झाला."

तालमीत प्रत्येक डावाला तोड असते. ब्लिट्झमध्ये अनवट ओपनिंग चालते, कारण तोड शोधायला वेळ नसतो. पत्रव्यवहाराच्या डावात, म्हणजे पूर्वी पोस्टकार्डाने आणि आता इंटरनेटवर एकेक चाल पाठवून खेळायच्या डावात, समोरच्याकडे दिवस असतात, हाताशी आधीच्या डावांचा डेटाबेस असतो. अचानकपणा पहिल्या संध्याकाळीच संपतो. तरीही अशा ओपनिंग मी आवर्जून खेळतो, कारण समोरच्याचं पंचवीस चालींचं पाठांतर तिथे निकामी होतं आणि ज्याने त्या पटावर आधी घाम गाळलाय तो पुढे राहतो. तो घाम कोणत्या क्रमाने गाळायचा, तेवढंच इथे सांगतो.

चाली लिहिण्याबद्दल: घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर. नुसतं घराचं नाव असेल तर प्याद्याची चाल. उभ्या रांगा ए ते एच. × म्हणजे मारणे. आकड्यापुढे … असेल तर ती काळ्याची चाल.

१. आधी नियम वाचा, ओपनिंग नंतर

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण हा टप्पा कुणी करतच नाही.

पत्रव्यवहाराचं बुद्धिबळ ठिकाणाप्रमाणे बदलतं. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत संगणक इंजिन, म्हणजे उत्तम चाल शोधून देणारा प्रोग्राम, वापरायला परवानगी आहे. लीचेस आणि चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर इंजिनला सक्त मनाई आहे; पुस्तकं आणि ओपनिंगचा डेटाबेस मात्र चालतो. या एका फरकावर तुमची ओपनिंग ठरते. समोरचा इंजिन लावणार असेल, तर सरळसरळ चुकीचा गँबिट (प्यादं देऊन हल्ला मिळवायची ओपनिंग) खेळणं म्हणजे पहिल्याच दिवशी प्यादं दान करणं. इंजिन नसेल, तर थोडी कमकुवत पण गुंतागुंतीची ओपनिंग चांगली चालते.

आयसीसीएफवर ठरावीक ओपनिंगच्या स्पर्धाही होतात. सगळ्यांनी तीच ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळायची. अनवट ओपनिंग शिकायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही, कारण तिची तोड तुमच्याच हाताने खेळावी लागते.

इशारा: इंजिनला मनाई असलेल्या ठिकाणी "फक्त एकदा खात्री करू" हीसुद्धा लबाडीच. आणखी एक फसवी जागा सांगतो. एकाच ओपनिंगचे तीन डाव चालू आहेत आणि त्यातला एक संपला. लगेच तो इंजिनला दाखवला, तर उरलेल्या दोन डावांत नकळत मदत घेतली जाते. त्या ओपनिंगचे सगळे डाव संपेपर्यंत मी एकाही डावाचं इंजिन विश्लेषण करत नाही.

२. ओपनिंग निवडताना तोड स्वतः शोधा

व्हिडिओत सापळा दिसतो, तोड दिसत नाही. म्हणून निवड उलटीकडून करा: समोरच्याच्या जागी बसा, डेटाबेस उघडा आणि तुमच्या ओपनिंगला चिरडायचा प्रयत्न करा. निदान दोन संध्याकाळी द्या.

एंगलंड गँबिट घ्या. १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उं-एफ४ व-बी४ शह ५. उं-डी२ व×बी२. आता पांढऱ्याने ६. उं-सी३ केलं की ६… उं-बी४ ७. व-डी२ उं×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात. तीन मिनिटांच्या डावात हे रोज घडतं. तीन दिवसांच्या डावात पांढरा ६. घो-सी३ खेळतो, पाठोपाठ हत्ती बी१ वर आणतो आणि काळ्याचा वजीर जीव मुठीत धरून पळत सुटतो. इथे सापळ्यापलीकडे काहीच नाही. अशी ओपनिंग या खेळात घेऊ नका.

लाटव्हियन गँबिटची गोष्ट जरा वेगळी: १. ई४ ई५ २. घो-एफ३ एफ५. घाईत पांढरा ३. उं-सी४ किंवा ३. ई×एफ५ करतो आणि धमाल उडते. वेळ असलेला पांढरा ३. घो×ई५ व-एफ६ ४. घो-सी४ एफ×ई४ ५. घो-सी३ या वाटेने जातो. ई४ च्या प्याद्यावर दाब, काळ्याचा वजीर लवकर बाहेर आलेला, राजापुढचं एफ प्यादं गेलेलं. पांढरा स्पष्टपणे बरा आहे. पण डाव संपलेला नाही, काळ्याला मोहरी बाहेर काढून झुंजता येतं. लाटव्हियन खेळायची असेल, तर नेमक्या याच स्थितीपासून अभ्यास सुरू करा. ३. उं-सी४ चा रंगीत भाग शेवटी ठेवा. तो बहुधा पटावर येणारच नाही.

ग्रोब, म्हणजे १. जी४, मी कुणालाच सुचवत नाही. १… डी५ २. उं-जी२ नंतर काळ्याने जी४ चं प्यादं खाल्लं तर ३. सी४ ने बी७ वर दाब येतो, हे खरं. पण काळा नुसतं २… सी६ आणि मग ई५ करतो, केंद्र त्याचं होतं आणि पांढऱ्याच्या राजाची बाजू भोक पडल्यासारखी राहते. ही तोड शोधायला डेटाबेसही लागत नाही. ज्यांच्या नावाने ही ओपनिंग ओळखली जाते, ते स्विस खेळाडू हेन्री ग्रोब वर्तमानपत्राच्या वाचकांशी पत्राने हजारो डाव खेळले. त्या वाचकांच्या हाती आजचा डेटाबेस नव्हता.

तपासणी: निवडलेल्या ओपनिंगबद्दल तीन वाक्यं लिहून काढा. सगळ्यात कडक तोड कोणती? तोडीनंतर माझी मोहरी कुठे बसतील? ही स्थिती पटावर यायला समोरच्याच्या किती चाली लागतात? लाटव्हियनसाठी समोरच्याने १. ई४ आणि २. घो-एफ३ खेळायलाच हवं. त्याने २. उं-सी४ किंवा २. घो-सी३ केलं की तुमची मेहनत कपाटात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "मग बघू" असेल, तर ओपनिंग बदला.

३. वही घाला

संगणकावर फाइल ठेवा हवी तर, पण पहिली वही कागदाचीच असावी असं माझं मत आहे. महाद्वार रोडवर मिळते तसली जाड रजिस्टर वही पुरते. हाताने लिहिताना माणूस "का?" विचारतो. फाइलमध्ये नुसत्या चाली चिकटत जातात.

पानाला चार रकाने आखा: माझी चाल, ती का, समोरच्याची उत्तम चाल, आणि तपासल्याची तारीख. "का" चा रकाना रिकामा राहिला तर ती चाल तुम्हाला कळलेली नाही. पाठ असली तरी.

सोकोल्स्की ओपनिंग, म्हणजे १. बी४, नवशिक्यांना मी सुचवतो, कारण तोड खेळली तरी पट निरोगी राहतो. १… ई५ २. उं-बी२ नंतरचं पान साधारण असं दिसेल.

२… उं×बी४ ३. उं×ई५ घो-एफ६: कडेचं प्यादं देऊन मधलं घेतलं, हा फायदा. काळ्याची मोहरी भराभर निघतात आणि ई रांग त्याच्यासाठी मोकळी आहे, हा धोका. म्हणून ई३, घो-एफ३, उं-ई२ आणि किल्लेकोट आधी. केंद्रातली चढाई नंतर.

२… एफ६: ई५ बळकट झालं, बी४ वर मात्र उंटाचा डोळा आहे. ३. बी५ ने शांत खेळ, किंवा ३. ई४ ने गँबिट. कोणतं, ते आजच ठरवा. डाव चालू असताना मोह होतो.

२… डी६: काळ्याने स्वतःच्याच उंटाची वाट अडवली, बी४ ला लगेच भीती नाही.

याखेरीज १… डी५ नंतर व-डी६ करून बी४ वर दाब आणणं आणि १… सी६, यांना स्वतंत्र पान द्या.

डेटाबेस वाचताना एक चूक इतक्यांदा दिसते की वेगळी सांगतो. लोक विजयाची टक्केवारी पाहतात. लीचेसच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे तिथल्या ओपनिंगच्या डेटाबेसमध्ये, सगळे वेग एकत्र ठेवले, तर तो आकडा बहुतांशी ब्लिट्झचा असतो, म्हणजे वेळ नसलेल्यांचा. वेगाच्या गाळणीत फक्त करस्पॉन्डन्स ठेवा, रेटिंगची खालची मर्यादा वाढवा आणि मग पाहा. डाव हजारांवरून पन्नासावर येतील, पण ते पन्नास तुमच्या कामाचे असतील. त्यातले हरलेले डाव शेवटपर्यंत खेळून बघा. हार ओपनिंगने झाली की चाळिसाव्या चालीच्या घोडचुकीने, हे टक्केवारी सांगत नाही.

वही किती खोल असावी? याचं मोठं उदाहरण पाचव्या जागतिक पत्रव्यवहार स्पर्धेतलं आहे, १९६५ ते १९६८ मधलं. अमेरिकेचे हान्स बर्लिनर काळ्या मोहऱ्यांनी याकोव्ह एस्ट्रिन यांच्याशी दोन घोड्यांचा बचाव या ओपनिंगमध्ये खेळत होते. एस्ट्रिन त्या बचावाचे नावाजलेले जाणकार. बर्लिनर यांनी ५… बी५ हा आडवळणाचा रस्ता धरला, दहाव्या चालीला ई४ ढकलून मोहऱ्याचा बळी दिला आणि डाव शेवटी हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, जिंकला. सोळा डावांत चौदा गुण मिळवून ते विजेते झाले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की इतक्या जहाल सुरुवातीचं फळ एंडगेममध्ये मिळालं. म्हणून वहीतली प्रत्येक मुख्य शाखा वजीर बदलले गेल्यावर कशी दिसेल, तिथवर न्या.

४. पहिल्या दहा चाली: क्रम आणि सावकाशी

अनवट ओपनिंगमध्ये चालींचा क्रम बदलला की अर्थच बदलतो. पुन्हा सोकोल्स्की. १. बी४ ई६ २. उं-बी२ नंतर काळ्याने बी४ खाल्लं तर ३. उं×जी७ आणि एच८ चा हत्ती गेला. म्हणून वहीत कुणी लिहून ठेवतं, "बी४ कर्णामुळे सुरक्षित." मग काळा आधी २… घो-एफ६ करतो. कर्ण बंद झाला, आता बी४ खरंच मार खातं आणि ३. ए३ किंवा ३. बी५ करणं भाग आहे. वहीवर विसंबून ३. ई३ केलं की ३… उं×बी४, प्यादं गेलं आणि बदल्यात काहीच नाही.

म्हणून प्रत्येक चालीला, ती वहीत असली तरी, पटाकडे नव्याने बघा: वहीतल्या स्थितीत आणि समोरच्या स्थितीत एका मोहऱ्याचा तरी फरक आहे का?

वहीतली चाल लगेच पाठवू नका. सात चाली तुम्ही पाच-पाच मिनिटांत पाठवल्या आणि आठवीला दोन दिवस लावले, तर तुमची तयारी कुठे संपते हे समोरच्याला न सांगता कळतं. पहिल्यापासून एकच लय ठेवा. मी रोज रात्री जेवणानंतर विचार करतो आणि चाल सकाळी पाठवतो. रात्री अंगात आलेला बळी सकाळी पुष्कळदा खोटा निघतो.

इशारा: सशर्त चालींची, म्हणजे "तू अमुक केलंस तर माझं तमुक" अशी आधीच भरून ठेवलेली साखळी छोटी ठेवा. पोस्टकार्डाच्या काळातला एक किस्सा खेळाडूंमध्ये सांगितला जातो. १. डी४ ला काळ्याने १… जी६ लिहिलं आणि वर जोडलं, "तुझी दुसरी चाल कोणतीही असो, माझं उं-जी७." पांढऱ्याने शांतपणे २. उं-एच६ लिहिलं. शर्तीप्रमाणे २… उं-जी७, मग ३. उं×जी७ आणि पाठोपाठ हत्तीवर टाच. आजच्या सर्व्हरवर नेमकी चाल आली तरच शर्त लागू होते, त्यामुळे हा घात टळतो. पण विचार न करता भरलेली पाच चालींची साखळी तितकाच घात करते. मारामारीत एकच उत्तर शक्य असेल, तिथेच शर्त लावा.

५. वही संपते ती चाल

माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक डाव या एका चालीवर बिघडतात. समोरच्याने वहीत नसलेली चाल केली की माणूस दोनपैकी एक करतो. "वहीत नाही म्हणजे चूकच असणार" म्हणून शिक्षा द्यायला धावतो, किंवा घाबरून ओपनिंगचा सगळा हेतू सोडतो आणि मोहरी मागे घेतो. दोन्हींनी डाव जातो.

त्या दिवशी चाल पाठवायचीच नाही, हा नियम करा. खरा पट मांडा, लाकडी असो वा प्लॅस्टिकचा. फोनवर डोळा ठरावीक घरांतच फिरतो. पट उलटा फिरवून समोरच्याच्या बाजूने बसा आणि त्याच्या चालीने काय सुटलं, काय धरलं, हे वहीत एका ओळीत लिहा. मग स्वतःच्या निदान तीन संभाव्य चाली लिहा, त्यातली एक मुद्दाम शांत असू द्या. प्रत्येकीला समोरच्याचं सगळ्यात त्रासदायक उत्तर शोधा. दुसऱ्या दिवशी कालचं न वाचता पुन्हा विचार करा आणि मगच ताडून बघा. दोन्ही दिवशी तीच चाल निघाली तर पाठवा. वेगळी निघाली तर अजून एक दिवस आहे, तो वापरा.

तपासणी: पाठवण्यापूर्वी पटावरचे सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या, दोन्ही बाजूंच्या, मोठ्याने म्हणा. घरचे बघतात. बघू देत.

६. प्याद्याचा हिशेब मांडा

गँबिट खेळला असाल तर दर पाच चालींनी वहीत जमाखर्च लिहा. दिलं काय, ते माहीत आहे. मिळालं काय? पुढे निघालेली मोहरी मोजा, मोकळ्या रांगा मोजा, समोरच्याचा राजा किल्लेकोटात पोहोचला का ते बघा. दोन हिशेबांत जमेची बाजू घटलेली दिसली, तर हल्ला विझतोय. तेव्हा दुसरं मोहरं आगीत टाकायचा मोह होतो. ब्लिट्झमध्ये तो फळतो, इथे नाही. वजीर बदलून, प्यादं परत मिळवून किंवा विरुद्ध रंगाच्या उंटांकडे डाव नेऊन बरोबरीची वाट धरा. कमकुवत ओपनिंगमधून काढलेली बरोबरी हा चांगला निकाल आहे, आणि तो वेळेत ठरवावा लागतो.

७. डाव किती, वेळ किती

एका अनवट ओपनिंगचे एका वेळी चारापेक्षा जास्त डाव घेऊ नका. पटांची गल्लत होते. एका डावात विचार केलेली चाल दुसऱ्यात पाठवली जाते. प्रत्येक डावाच्या पानावर समोरच्याचं टोपणनाव आणि रंग मोठ्या अक्षरात लिहा. आयसीसीएफवरचे आकडी चाललेखन, ज्यात ई२ ते ई४ ही चाल ५२५४ अशी लिहितात, पहिल्यांदा भरताना दोनदा वाचा.

पावसाळ्याचा विचार कोल्हापूरकरांनी तरी करायलाच हवा. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या भागात वीज नव्हती, फोन चार्ज करायला लांब जावं लागे, आणि माझे दोन चांगले डाव वेळ संपल्याने गेले. ऑगस्ट २०१९ च्या पुराचा अनुभव असूनही मी रजेचा, म्हणजे डावाचं घड्याळ काही दिवस थांबवण्याचा, नियम वाचलेला नव्हता. चेस डॉट कॉमवर रजा घेता येते. लीचेसवर अशी सोय नाही, तिथे चालीला जास्त दिवस असलेलाच डाव निवडावा लागतो. आयसीसीएफवर स्पर्धेनुसार नियम बदलतो. जून उजाडला की चालू डावांचे उरलेले दिवस बघून ठेवा आणि पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की त्याच दिवशी रजा टाका.

८. डाव संपल्यावर

त्या ओपनिंगचे सगळे डाव संपले की मगच इंजिन लावा. इंजिनचा आकडा पाहण्याआधी, डाव कुठे फिरला याचा स्वतःचा अंदाज पेन्सिलने लिहा. मग इंजिनचं मत शेजारी शाईने. समोरच्याने आणलेली नवी चाल वहीत तिच्या शाखेखाली उतरवा, "का" चा रकाना भरा, तारीख घाला. त्या शाखेचं दुसऱ्या रकान्यातलं जुनं कारण आता खोटं ठरलं असेल, तर ते खोडून नवं लिहा आणि मगच पुढचा डाव मागा.